महिपतनं धडधड थांबवली

एका गावात एक भोळा महिपत होता. भोळा म्हणायचं ते त्याच्या आईची भीड म्हणून; गाव त्याला सरळ ठोंब्या म्हणायचं.

आईला, कोंडाबाईला, एकच घोर होता: लेकीचं, चंपाचं, लग्न. त्या घोरानं तिची छाती धडधडायची. डॉक्टर म्हणाले, याला पल्पिटेशन म्हणतात. वाढलं की आडवं निजवा, पायाखाली उशी द्या आणि मला बोलवा. महिपतला तो शब्द फार आवडला. कळला नाही, पण आवडला.

दुसऱ्या दिवशी त्यानं कोंबडीच्या छातीला कान लावला. धडधड! निजवली, पायाखाली उशी दिली, डॉक्टरला बोलावलं. बिचारे तीन मैल चालत आले, कोंबडी बघून आले तसे गेले. आईनं कपाळाला हात लावला. म्हणाली, अरे शहाण्या, एवढ्याशा जिवाचं काळीज तसंच पळतं. मोठ्याचं बघावं.

मोठं काय, तर विहिरीवरचं इंजिन. महिपतनं कान लावला. धडधड! उशी दिली, ती पट्ट्यात सापडून कापूस रानभर झाला. इंजिनवाला बाबाजी ओरडला, "गाढवा, याला उशी नाही, तोंडात पोतं कोंबतात! हवा कोंडली की गप होतं."

हे मात्र महिपतनं पक्कं ध्यानात ठेवलं. नको ते बरं राहतं याच्या ध्यानात.

मग चंपाला बघायला पाहुणे आले. मुलाचे वडील दौलतराव अंगानं भरलेले, चढण चढून धापा टाकत बसलेले. पोरगी पसंत पडली. सुपारी फुटायची तेवढी राहिली. एवढ्यात महिपतनं त्यांच्या छातीला कान लावला. धडधड!

त्यानं धावत जाऊन पोतं आणलं.

चौघांनी ओढून काढलं म्हणून माणूस वाचला. मिशीतले तागाचे धागे झाडत दौलतराव उठले आणि सोयरीक मोडून चालते झाले.

"पुन्हा कुणाच्या छातीचा ठोका ऐकलास तर याद राख," आई म्हणाली, आणि छाती धरून खाली बसली. ही धडधड मात्र खरी होती.

"दादा, डॉक्टरला आण," चंपा रडत म्हणाली.

महिपत जागचा हलला नाही. आईचा शब्द मोडू नये म्हणून उशीतला उरलेला कापूस त्यानं दोन्ही कानांत गच्च कोंबला होता.