डोहातली पटपडताळणी

एका जंगलात, ओढा जिथे खडकाला वळसा घेतो तिथल्या डोहात, एक बेडूक राहत असे. तो जंगलाच्या शाळेत मास्तर होता. मुलांनो, जंगलातली शाळा म्हणजे एक इमारत आणि एक घंटा असे समजू नका. तिथे ज्याचा वर्ग त्याच्या घरी भरतो. मुंगसाचा वर्ग वारुळापाशी, सुतारपक्ष्याचा झाडावर आणि बेडूकमास्तरांचा पाण्यात. त्यांच्या वर्गात बेडकांची पिल्ले होती. अजून पाय न फुटलेली, नुसती शेपटीवाली, काळीभोर आणि अतिशय दंगेखोर.

मास्तर बरेच काही शिकवत, पण सगळ्यात जास्त वेळ एकाच धड्यावर घालवत. पाण्यावर सावली पडली की आधी तळाच्या चिखलात बुडायचे, आणि सावली कसली होती याचा विचार मागाहून करायचा. हा धडा ते रोज घेत. काठावरच्या दगडावर बसून स्वतःच एखादे पान हलवून सावली पाडत, आणि कुणी वर रेंगाळले की त्याला तोच धडा पुन्हा. पोरे कंटाळत, पण मास्तर हट्टी होते. "विचार करायला आधी जीव लागतो," ते म्हणत. "तो सांभाळा."

त्या वर्षी रानात फळ कमी धरले. शाळा चालायची ती घरोघरच्या वाट्यावर. कुणी बोरे, कुणी बिया, कुणी वाळवी आणून साळिंदराच्या कोठारात टाकी आणि त्यातून मास्तरांचे पोट भरे. कोठार तळाला गेले तेव्हा सभेचे प्रमुख अस्वल म्हणाले की शाळेचा खर्च म्हणजे आता नाकापेक्षा मोती जड झाला आहे. आधी वर्ग झाडणाऱ्या चिचुंद्रीला घरी बसवले. मग पोरांना दुपारचा खाऊ देणारी खार गेली. तरीही कोठार भरेना. वाचलेली वाळवी कुठे गेली हे मला आजही कळलेले नाही. अस्वलाला कुणी विचारले तर म्हणे त्यालाही आठवत नव्हते, आणि सांगताना ते नाकावरची माती पुसत होते. मग पाळी आली मास्तरांची. सभेने ठरवले की आता पटपडताळणी करायची, म्हणजे कुणाच्या वर्गात किती पोरे आहेत ते जाऊन पाहायचे. ज्याच्या वर्गात पोरे दिसणार नाहीत तो मास्तर अतिरिक्त.

पोरे मोजायला उंच मानेचे आणि लांबवर पाहणारे कुणीतरी हवे होते, म्हणून हे काम बगळ्याकडे दिले. त्या सभेत एकाने जरी क्षणभर डोके खाजवले असते तरी ही गोष्ट इथेच संपली असती. पण बोलले कुणीच नाही. सगळ्यांना भूक लागली होती आणि ठराव फार लांबला होता.

आता बगळा म्हटले की तुम्ही लगेच म्हणाल, ढोंगी. हा तसा नव्हता, आणि खरा गोंधळ इथूनच सुरू होतो. हा बगळा कामाला चोख होता. पडताळणीच्या दिवशी आपल्यावर कुणी बोट ठेवू नये म्हणून तो दुसऱ्या ओढ्यावर जाऊन पोटभर मासे खाऊन आला. मग डोहाच्या काठी एका पायावर उभा राहिला आणि प्रामाणिकपणे पाहू लागला. त्याची लांब सावली पाण्यावर पडली. त्याबरोबर डोह असा शांत झाला की तळाचा खडा न् खडा दिसावा. ऊन डोक्यावर आले तरी बगळा पाहतच होता. त्याला एक शेपटीसुद्धा दिसली नाही.

दगडावर बसलेल्या मास्तरांचा ऊर भरून आला होता. इतका चांगला वर्ग त्यांच्या हातून कधी घडला नव्हता. एकही पोर चुकले नाही, एकही रेंगाळले नाही. पडताळणी म्हणजे आपण काय शिकवले ते पाहायला आलेत, असेच ते धरून चालले होते.

"पाहिलंत?" ते बगळ्याला म्हणाले. "एक तरी दिसतंय का?"

बगळा जरा गोंधळला. "नाही दिसत, मास्तर. असंच सांगू सभेत?"

"अगदी असंच सांगा," मास्तर म्हणाले.

बगळ्याने अगदी तसेच सांगितले. सभेत मास्तरांना बोलावणे आले तेव्हा ते शाबासकी घ्यायला गेले आणि अतिरिक्त होऊन बसले. त्यांना काही उमजेना. ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले की पोरे दिसली नाहीत हाच तर त्यांच्या शिकण्याचा पुरावा आहे. सभेतले अर्धे हसले आणि अर्धे एकमेकांकडे पाहू लागले. त्या पोरांची आई, एक बेडकी, मागून ओरडून सांगत होती की पोरे आहेत, मीच त्यांना जन्म दिला आहे. अस्वलाने तिला खाली बसवले. अस्वल काही वाईट नव्हते, पण त्याला सोपे उत्तर लागत असे. ते म्हणाले, "नसलेली पोरं आणि न दिसणारी पोरं, यात फरक तो काय? दाखवा आणि मास्तरकी ठेवा. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

मग सगळी सभाच डोहावर आली. बगळा पुढे, त्याच्यामागे अस्वल आणि साळिंदर, आणि सगळ्यात मागे बेडकी. पाणी पुन्हा शांत झाले. अस्वलाने मास्तरांना सांगितले की पोरांना एक हाक मारा, ती वर आली की आम्ही परत जातो.

हाक मारली असती तर पोरे आली असती. सावलीला ती भीत होती, पण मास्तरांच्या आवाजावर त्यांचा विश्वास होता, आणि हे मास्तरांइतके कुणालाच ठाऊक नव्हते. त्यांना हाक मारायची फार इच्छा झाली. हा डोह गेला तर त्यांना दुसरे घर नव्हते, आणि शिकवण्याशिवाय दुसरे काही येतही नव्हते. त्यांनी तोंड उघडले. तेवढ्यात त्यांची नजर पाण्यावरच्या त्या लांब सावलीकडे गेली. हिच्याखाली वर यायला आज आपणच सांगितले, तर उद्या पोरांनी कुणाचे खरे धरायचे?

बगळ्याला त्यांच्या मनातले कळले. तो तळमळीने म्हणाला, "मास्तर, मी शब्द देतो. आज एकालाही चोच लावणार नाही."

"आणि उद्या?"

बगळ्याने विचार केला. खोटे बोलणे त्याच्या स्वभावात नव्हते. "उद्या मी कामावर नसेन," तो म्हणाला.

मास्तरांनी तोंड मिटले. मग ते अस्वलाला म्हणाले, "आज हजेरी होणार नाही."

त्यांची बदली टेकडीवर, सरड्यांच्या वर्गावर झाली. काढून टाकले असे कुणी म्हणायला नको म्हणून सभेने ती सोय केली होती. तिथे पाण्याचा थेंब नव्हता. तापलेल्या खडकावर बसून मास्तर बुडी कशी मारायची ते शिकवत, आणि सरडे माना वरखाली करत. त्यांना समजले म्हणून ते मान हलवत की सरडे ती हलवतातच म्हणून, याचा मास्तरांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. अंग कोरडे पडत चालले होते. टेकडीवरून डोह दिसत नसे.

इकडे डोहातल्या पोरांना पाय फुटले आणि ती सगळीच्या सगळी धडधाकट रानात गेली. पुढच्या हंगामात बेडकीला नवी पिल्ले झाली. तिने त्यांना सावलीचे सांगून पाहिले. पण ती एकदा सांगे आणि किडे धरायला जाई. तोच धडा रोज घोटून घेणारे कुणी नव्हते. तिने सभेत जाऊन मास्तर परत मागितले. अस्वल म्हणाले की आधी पट दिसू दे.

बगळा पुन्हा पडताळणीला आला, पुन्हा दुसरीकडे खाऊन आला. त्याची सावली पाण्यावर पडली मात्र, सगळा डोह वर आला. इतके उंच आणि पांढरेशुभ्र काही पिल्लांनी कधी पाहिले नव्हते. ती त्याच्या पायांभोवती गोळा झाली. काहींनी त्याच्या बोटांना तोंड लावून पाहिले. बगळ्याला मोजता मोजता हर्ष झाला. काठावर बसलेली बेडकीही खूश झाली. पट दिसला होता, आता मास्तर येणार होते.

सभेत टाळ्या पडल्या. अस्वलाने बेडकीला जवळ बोलावून समजावले, "तूच बघ. मास्तर होते तेव्हा डोहात एक पोर नव्हतं. मास्तर गेले आणि डोह भरला. मग आता मास्तर कशाला?"

कुठेतरी चुकते आहे एवढे बेडकीला कळत होते, पण अस्वलाच्या बोलण्यात बोट ठेवायला जागा सापडत नव्हती. साळिंदराला तर ही युक्ती इतकी पटली की त्याने मुंगसालाही घरी पाठवायची सूचना मांडली आणि ती मंजूर झाली.

दुसऱ्या दिवशी बगळा कामावर नव्हता. तो भुकेला होता आणि त्याला डोह ठाऊक होता.

पुढची पडताळणी झाली तेव्हा पाणी नितळ आणि शांत होते. बगळ्याने एकही पोर नसल्याचे सांगितले आणि मान खाली घातली. मागच्या खेपेची पोरे कुठे गेली, असे त्याला सभेत कुणी विचारलेच नाही. अस्वलाने सुस्कारा सोडला. मास्तर नेमला नाही ते बरेच झाले, नाहीतर फुकट वाळवी गेली असती, असे ते म्हणाले.

सभा उठली तरी बेडकी काठावरच बसून राहिली. साळिंदराला तिची दया आली. ते तिच्याजवळ येऊन म्हणाले, "रडू नकोस गं. मास्तरांच्या वेळी पाणी असंच नव्हतं का? तेव्हाही पोरं होतीच की. लपली असतील."

बेडकीने पाण्याकडे पाहिले. तिलाही तसेच समजायचे होते. मग ती हळूच म्हणाली, "पण लपायला त्यांना शिकवलं कुणी?"

 

तात्पर्य : चांगल्या शिकवणीमुळे जे संकट टळते ते कुणाच्याच मोजणीत येत नाही, म्हणून मास्तरांना अतिरिक्त ठरवण्याआधी बगळ्याला नव्हे, पोरांच्या आईला विचारावे.