म्हाळूने पाट सोडला

एका गावात एक भोळा गडी होता, म्हाळू त्याचं नाव. अंगानं धट्टाकट्टा, कामाला वाघ, पण सांगाल तेवढंच करणार, आणि तेही भलत्याच ठिकाणी! त्याला लग्न नको होतं. बायको नको, नवराही नको. "मला तसलं काही वाटतच नाही," तो सरळ सांगायचा. धर्मामामाला वाटायचं, पोरगं लाजतंय. मग काय, मामा त्याला घेऊन निघाला मुली बघायला.

पहिल्या घरी म्हाळू खाटेवर ऐसपैस बसला. मुलीचे आजोबा काठी टेकत आले, उभेच राहिले. हा आपला पोहे हाणतोय! सोयरीक फिसकटली. वाटेत मामा ओरडला, "अरे शहाण्या, कुणी उभं दिसलं की आपली जागा द्यावी!"

"बरं मामा."

दुसऱ्या घरी मुलगी पोह्यांचं ताट घेऊन आली आणि उभी राहिली. म्हाळू ताडकन उठला. तिला आपल्या जागी बसवलं, तिच्या हातचं ताट घेतलं आणि मान खाली घालून स्वतःच पोहे वाटायला लागला. मुलीची आत्या चाळिशी लावून बसली होती, नजर अंमळ अधू. तिनं विचारलं, "स्वयंपाक येतो का गं?"

"येतो. भाकरी जरा जाड होते," म्हाळू म्हणाला.

मामानं कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, मुलीशी बोलायचं! तुझ्या मनात काय आहे, विचारायचं. ते तुला मिळेल, म्हणायचं!"

"बरं मामा."

तिसऱ्या घरी सगुणा होती. म्हाळूनं विचारलं, "तुझ्या मनात काय आहे?"

सगुणानं इकडेतिकडे पाहिलं. आतापर्यंत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. ती हळूच म्हणाली, "हौसा. माझी मैत्रीण. संसार करीन तर तिच्याशीच. पण घरात कोण ऐकतंय?"

"मिळेल," म्हाळू म्हणाला.

"आणि तुमच्या मनात कोण?"

"कुणी नाही. तिथं मस्त गारवा आहे."

सगुणा खळखळून हसली. मामानं लांबून ते हसू पाहिलं आणि तिथल्या तिथे सुपारी फोडली! घरी येताना म्हणाला, "आता शब्द दिलायस. दिलेला शब्द पाळायचा, कळलं?"

"बरं मामा."

लग्नाचा दिवस उजाडला. म्हाळूला बहीण नव्हती, म्हणून हौसालाच करवली केलं आणि हातात करा देऊन त्याच्या मागं उभं केलं. समोर अंतरपाट, पलीकडे सगुणा. भटजींनी डोळे मिटून मंगलाष्टकं सुरू केली, अक्षता उडायला लागल्या. म्हाळूला मागून हुंदके ऐकू आले. वळून बघतो तर हौसा रडतेय. आणि उभी! जमिनीवर!

म्हाळू पाटावरून उतरला. आपला फेटा मुंडावळ्यांसकट तिच्या डोक्यावर चढवला, हार तिच्या हातात दिला, तिला पाटावर उभं केलं. करा घेतला आणि स्वतः मागं उभा राहिला.

"शुभमंगल सावधान!" अंतरपाट खाली आला. सगुणानं समोर पाहिलं आणि दुसऱ्या कुणाला सुचायच्या आत हौसाच्या गळ्यात हार घातला. हौसानं रडत रडतच आपला हार तिला घातला. वाजंत्री दणाणली.

"गाढवा, हे काय केलंस!" मामा किंचाळला.

"उभ्या माणसाला जागा दिली. दिलेला शब्द पाळला. तुम्हीच सांगितलंत की."

मामा मटकन खाली बसला. भटजी चाचरत म्हणाले, "अक्षता तर पडल्या. आता माझ्याच्यानं काही उलटं व्हायचं नाही." सगुणाच्या बापानं पोरीकडे पाहिलं. इतकं हसताना त्यानं तिला कधी पाहिलं नव्हतं. त्यानं घसा खाकरला आणि पंगत मांडायला सांगितलं.

पंगतीत म्हाळू मामाजवळ येऊन उभा राहिला. तोंड जरा फुगलेलं.

"आता काय राहिलं रे तुझं?"

"मामा, लग्नभर करा धरून माझा हात भरून आला," म्हाळू म्हणाला. "करवलीच्या मानाचं लुगडं कुठाय माझं?"