उंबऱ्यावरची वाटी

पूर्वी कुमुदवती नगरीत सुषेण राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होऊन जन्मला होता. नाव सोमिल. डोकं तल्लख, मन मऊ. आणि अशा माणसांची जी खोड असते ती त्यालाही होती. चांगलं काम एकदा कुणाला नेमून दिलं की ते होतंच, असं त्याला वाटे.

नगरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं पुष्कळ. त्यांच्यासाठी सोमिलाने राजाकडून एक योजना करवून घेतली. सकाळी राजाचा वाढपी दारोदार जाई, पेजेची वाटी उंबऱ्यावर ठेवी, झांज वाजवी आणि पुढे चालू लागे. संध्याकाळी वाटी परत न्यायची. रिकामी असली म्हणजे म्हातारं जेवलं! दवंडी पिटली, लोकांनी वाहवा केली.

वाट्या तर अशा लखलखीत परत येत की घासायला नकोत. राजा त्यांत तोंड बघून मिशा पिळी. "सोमिला, प्रजा वाटीसुद्धा चाटते रे!"

सोमिलाला अंगाखांद्यावर वाढवणारी दाई उत्पला याच नगरात राही. डोळे गेलेले, पाय लुळे. पूर्वी तो स्वतः तिला भरवून मगच दरबारात जाई. योजना आली तशी तिच्याही उंबऱ्यावर वाटी आली, आणि अमात्याला सवड राहिली नाही. योजना चालवायची होती ना!

पुढे राजाने योजनेचा उत्सव मांडला. पहिली माळ उत्पलेला घालावी म्हणून सोमिल तिच्या दारी आला. उंबऱ्याशी एक कुत्रा पसरला होता. इतका गुबगुबीत, की अमात्याला पाहून उठायचाही त्याला कंटाळा. शेजारी वाटी. लखलखीत.

शेजारीण नंदिका दळत होती. सोमिल तिच्यावर ओरडला, "बाई, दुपारी तू हिला भरवायचीस ना?"

"भरवत होते की! दवंडी ऐकली आणि सोडलं. घोटभर ताक पाजते अधूनमधून. राजाच्या कामात आम्ही कशाला हात घालावा, अमात्य? आणि तुम्ही तिच्या लेकासारखे. तुम्ही फिरकला नाहीत, म्हटलं सगळं ठीकच असेल."

सोमिल आत गेला. उत्पला चिपाडासारखी झाली होती.

"कोण? झांजवाला का?"

"मी, सोमिल."

"आलास होय? झांज रोज ऐकते हो. गोड वाजते."

त्याने नंदिकेकडून पेज आणली. भरवताना त्याने स्वतःचं तोंड 'आ' केलं, जसं ती त्याच्यासाठी करायची. मग आठवलं, हिला दिसत नाही. त्याने बोटाने तिची हनुवटी दाबली. दोन घास गेले. तिसरा तोंडातच राहिला.

सोमिल तसाच दरबारात गेला. "महाराज, वाटी पोचते, घास पोचत नाही. प्रत्येकाजवळ बसून भरवणारा माणूस हवा."

"प्रत्येकाजवळ माणूस? मग माझ्या वेशीवर कोण उभं राहील? दोष कुत्र्यांचा आहे. हाकला त्यांना!"

कुत्री हाकलली. दुसऱ्या दिवसापासून वाट्या भरलेल्या परत येऊ लागल्या. राजा आनंदाने म्हणाला, "बघा, आता नगरात कुणी भुकेलं उरलं नाही!" आणि योजना बंद झाली. त्याचाही उत्सव झाला.

सोमिलाने पागोटं राजापुढे ठेवलं आणि उरलेला जन्म घरोघर बसून म्हाताऱ्यांना भरवण्यात घालवला. फार थोड्यांना पुरला तो.

शास्त्यांनी, म्हणजे भिक्खूंच्या गुरूंनी, ही कथा विहारात सांगितली तेव्हा कोपऱ्यात एक भिक्खू तापाने फणफणला होता, आणि त्याला पाणी द्यायची पाळी कुणाची यावर सकाळपासून वाद चालला होता. शास्ता म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे इथे पाळ्या लावणारा स्थविर. नंदिका म्हणजे 'माझी पाळी उद्या' म्हणणारा भिक्खू. उत्पला ती कोपऱ्यात पडली आहे. आणि उशिरा पोचलेला अमात्य तो मीच."

"आणि कुत्रा, भन्ते?" एकाने विचारलं.

शास्ता पाण्याचं भांडं घेऊन उठले. बाकीचे कुत्रा कोण असावा म्हणून एकमेकांची तोंडं बघत बसले.

त्या उठण्याला मैत्रीपारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता, म्हणतात.