शिक्का न सोडणारा धारराव

एका राज्यात एक नगर होतं आणि त्या नगराचं वाटोळं नगराधिकारी धाररावाने केलं. दैवाने नाही, चेटकाने नाही. धाररावाने.

नगराच्या वेशीवर कायद्याची शिळा होती. तिच्यावर लिहिलं होतं: अधिकारी पाच पंचांनी एका विड्यावर हात ठेवून नेमावा. त्याची मुदत तीन वर्षं. वारस पंचविशीच्या पुढचा असावा आणि वारसाच्या हाती शिक्का पडेपर्यंत जुन्याने शिक्का सोडू नये. अधिकाऱ्याने मुदत लांबवू नये म्हणून जुन्या राजाने एका जादूगाराकडून ती शिळा मंत्रवून घेतली होती. मुदत भरल्यावर अधिकारी बदलल्याशिवाय नगरात नवं वर्ष लागायचं नाही.

धाररावाची तीन वर्षं भरली. तो म्हणाला, "लायक वारस दिसत नाही." शिक्का कमरेलाच राहिला आणि नगरात वर्ष थांबलं.

कैऱ्या पिकेनात. दुधाचे दात पडेनात. चोविशीतली पोरं चोविशीतच राहिली, मग पंचविशीपुढचा वारस यायचा कुठून? चाळिशीपन्नाशीचे होते की पुष्कळ. पण वर्ष थांबल्यापासून त्यांच्यातला एकही मेला नव्हता. त्यांना ते मानवलं. कोणी पुढं झालं नाही.

धाररावाची एकुलती एक लेक सगुणा नऊ महिन्यांची गरोदर होती, ती तशीच राहिली. ती म्हणाली, "आबा, मला बसवत नाही की निजवत नाही."

"पोटात आहे तोवर पोर सुखरूप आहे," धारराव म्हणाला. "बाहेर काय ठेवलंय?"

वेशीवर जादूगाराची साळुंकी राहत असे. वेशीबाहेरचे ऋतू तीच मोजायची. एके सकाळी ती सगुणाच्या नवऱ्याला, येमाजीला म्हणाली, "थांबल्याला सात वर्षं पुरी व्हायला एक महिना उरला. त्याच्या आत शिक्का बदलला, तर थांबलेली वर्षं हवेत विरतील. शेवटचा सूर्य मावळला, तर ती ज्याच्या त्याच्या अंगावर पडतील. धडधाकट मोठी माणसं सोसतील. पोटातलं पोर सोसणार नाही आणि त्याची आईही."

येमाजी चोवीस वर्षांचा होता. तो पंचांकडे गेला. पंचांनी तीन कामं सांगितली. वय आण. शिळा मंत्रवणाऱ्या जादूगाराची संमती आण. पाच हात आण.

येमाजीने वेस ओलांडली. एका पावलात सात वर्षं अंगावर कोसळली. दाढी छातीपर्यंत आली, कानशिलं पिकली. पहिलं काम झालं.

सात डोंगरांपल्याड जादूगार कमरेपर्यंत दगड होऊन बसला होता. तो म्हणाला, "म्हाताऱ्यांना धाक बसावा म्हणून मी वर्ष बांधलं. थांबलेलं वर्ष त्यांना आवडेल हे मला सुचलं नाही. संमती देतो. तुझी सावली ठेवून जा." येमाजीने सावली ठेवली आणि संमतीचं पान घेतलं.

परतला तेव्हा शेवटच्या दिवसाची दुपार कलली होती. चावडीवर चारच पंच होते. पाचव्याला धाररावाने निरोप धाडला होता, आजारी पड. येमाजी त्याला बाजेसकट डोक्यावर घेऊन आला. बाजेवर पंच सुपारी कातरत होता.

"बरं वाटतंय का काका?" येमाजीने विचारलं.

"आता जरा बरं आहे," पंच म्हणाला.

पाच हात विड्यावर आले. धाररावाने शिळेवरचा कायदा वाचायला लावला. मग म्हणाला, "कोणी तरी खोकलं. पुन्हा वाचा." पुन्हा वाचला. मग त्याने येमाजीकडे निरखून पाहिलं.

"आमचे जावईबापू काळ्या केसांचे. हा कोण?"

"मामा, मीच येमाजी. सूर्य खाली चाललाय."

"आणि सावली कुठाय? बिनसावलीच्या माणसाच्या हाती नगर देऊ?"

सगुणा भिंतीला धरून उभी होती. "आबा, हाच माझा नवरा. मी आवाज ओळखते."

"बायकोची साक्ष नवऱ्याला चालत नाही," धारराव म्हणाला. पंचांनी माना हलवल्या. साठ साठ वर्षांची डोकी, पण हलली ती नंदीबैलासारखीच.

मग शेजारी बोलावले. शेजाऱ्यांनी येमाजीच्या पाठीवरचा भाजल्याचा डाग ओळखला. ओळख पटली. धाररावाने कमरेची गाठ सोडायला घेतली. सात वर्षांत ती आवळून बसली होती. दुसऱ्या कोणाला हात लावू देईना. म्हणाला, "माझा मान आहे, मीच सोडेन." गाठ सुटली तेव्हा चावडीत दिवा लावावा लागला होता.

शेवटचा सूर्य मावळला आणि मगच शिक्का येमाजीच्या हाती पडला. वर्षं कोसळली. आंबे एकदम पिकून सडले, पोरं बापांएवढी झाली, तीन पंच बसल्या जागी मेले. सगुणा बाळंत झाली. मूल रडलं नाही. येमाजीने तिचं डोकं मांडीवर घेतलं. ती म्हणाली, "मुलगा की मुलगी?" उत्तर ऐकायला ती राहिली नाही.

शाप सुटला. पुढल्या साली वेळेवर पेरण्या झाल्या. येमाजीने तीन वर्षं कारभार केला आणि मुदत भरली त्या सकाळी शिक्का दुसऱ्याच्या हाती देऊन तो नगरातून निघून गेला.

धारराव आणखी अकरा वर्षं जगला. शिक्क्यापायी त्याची लेक गेली आणि नात गेली.