कान असलेला तराजू

एका राज्यात राजा शहाणा होता, प्रजा कष्टाळू होती, आणि तरीही निम्म्या घरांत संध्याकाळी चूल नीट पेटत नसे. कारण तराजू.

हा तराजू राजाच्या आजोबांना एका मांत्रिकाने दिला होता. एका पारड्यापाशी आपण दिवसभर काय केलं ते बोलायचं, की दुसऱ्या पारड्यात धान्य आपोआप पडे. तलावाच्या बांधावर बाया आणि बाप्ये तीच टोपली वाहत, तोच चिखल तुडवत. बाप्यांना भरलं माप पडे, बायांना अर्धं. जादूचा तराजू चुकेल कसा, असं म्हणून सगळे घरी जात. बायाही जात. याला काय म्हणावं?

त्या बांधावर भिवरा नावाची विधवा राबत असे. घरी ती आणि तिची म्हातारी सासू गंगूबाई. अर्ध्या मापात दोघींचं भागत नसे. म्हणून सासू ताट सरकवून म्हणे, "मला नको, आज एकादशी आहे." एका पंधरवड्यात पाच एकादश्या झाल्या, तेव्हा भिवरा उठली आणि थेट राजाकडे गेली.

राजाने तराजूवर बसलेल्या साळुंकीला विचारलं. ती मांत्रिकाची साळुंकी, दोनशे वर्षांची आणि तितकीच तिरसट. ती भिवराला म्हणाली, "तीन कामं कर. तिसऱ्यालाही अर्धंच पडलं, तर बायांना कायम अर्धं. आणि ध्यानात ठेव, तराजूला डोळे नाहीत, कान आहेत."

इतकं स्वच्छ सांगितलं होतं. पण ऐकतो कोण?

पहिलं काम, उसासा टाकला की जड होणारी शिळा बांधावर चढवायची. भिवराने ती हसत हसत चढवली. तराजूपाशी धान्यकोठाराचा कोठावळा गिरमाजी बाप्यांना विचारी, "काय काम केलंस?" बायांना विचारी, "काय हातभार लावलास?" भिवरा पदर सावरून म्हणाली, "लावला थोडा हातभार." अर्धं माप पडलं.

दुसरं काम, माती गिळणारं भगदाड बुजवायचं. तिने त्याला उपाशी ठेवून दमवलं आणि मग बुजवलं. गिरमाजीने विचारलं, तिने तेच उत्तर दिलं. बाईमाणसाने "मी काम केलं" म्हणणं म्हणजे तोरा मिरवणं, असं तिला आईने शिकवलं होतं, आईला आजीने. पुन्हा अर्धं माप. साळुंकीने कपाळ खांबावर आपटून घेतलं.

तिसरं काम, तलावाच्या मोरीचं झाकण पाताळातल्या नागाकडून आणायचं. ती बुडी मारून गेली, नागाशी भांडली, झाकण घेऊन वर आली. ओलेत्याने तराजूपुढे उभी राहिली, तर समोर सासू. काठी टेकत आली होती, ओठ सुकले होते.

"कशाला आलात एवढ्या उन्हात? जेवलात का?"

"आज एकादशी गं," म्हातारी म्हणाली आणि मटकन खाली बसली.

गिरमाजीने सवयीने विचारलं, "काय हातभार लावलास?"

भिवराच्या डोक्यात तिडीक गेली. "हातभार शेजारणीच्या पापडांना लावतात, गिरमाजी. मी काम केलं."

पारडं दाणकन खाली आलं. भरलं माप.

मग रांगेतल्या बाया एकेक पुढे आल्या. काहींच्या तोंडून तो शब्द निघता निघेना, त्यांना बाकीच्यांनी ढोसलं. प्रत्येकीला भरलं माप पडलं. कोठार रिकामं होईल म्हणून प्रधान ओरडत धावला. दार उघडून पाहतो तर दोन पिढ्यांचं वाचवलेलं अर्धं अर्धं धान्य तिथे खडे होऊन पडलं होतं, आणि त्या खड्यांचे आता पुन्हा दाणे होत होते.

राजाने दवंडी पिटवली. सर्वांना एकच प्रश्न विचारायचा, आणि कुणाला किती पडलं ते चौकात मोठ्याने सांगायचं. मग तो भिवराला म्हणाला, "तुझ्या हातभाराने हा तिढा सुटला."

"कामाने," साळुंकी म्हणाली.

त्या संध्याकाळी भिवराने दोन ताटं वाढली. सासूने सवयीने आपलं ताट सरकवलं. भिवराने ते पुन्हा तिच्यापुढे ठेवलं.

"आज बारस आहे, आत्याबाई. उपास सोडा."

म्हातारीने भाताकडे पाहिलं आणि आणखी थोडा मागितला.