शिंदीवरचं झाकण

माणसांना शिंदीच्या रसाची गोडी नुकती लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. बुधा रस जमवायला शिंदीच्या झाडावर मडकं बांधायचा आणि न चुकता त्यावर बांबूचं झाकण घालायचा. नव्या मडक्याला ते मुळीच आवडायचं नाही.

"जरा सरक ना, जीव गुदमरतो माझा."

झाकण ढिम्म हलायचं नाही.

एका संध्याकाळी आभाळ वटवाघळांनी भरून गेलं. मडकं फटीतून बघतच राहिलं. त्यांच्यातली एक म्हातारी आजी झाकणावर येऊन टेकली.

"आजी, याला बाजूला करा आणि पोटभर रस प्या," मडकं म्हणालं.

"नको बाळा. माझ्या अंगात एक आजार झोपलाय. माझ्या पणजीच्या अंगातही तो असाच झोपून होता. आम्हाला त्याचा त्रास नाही. पण माझी लाळ रसात पडली, तर तो माणसाच्या अंगात जागा होईल. आमची पोरं हे ऐकत नाहीत, म्हणून झाकण आहे."

आजी तहानलेलीच उडून गेली.

सकाळी बुधाने झाकण काढलं, तेव्हा उजेडात मडक्याला त्यावरचे नखांचे ओरखडे दिसले, जुने आणि नवे. खाली बुधाची लेक रसाची वाट बघत उभी होती.

त्या संध्याकाळी बुधाने झाकण घातलं, तेव्हा मडकं हळूच म्हणालं, "अजून थोडं घट्ट बस."