दादाच्या बंदुकीत न गेलेलं काडतूस

“काडतूस अडकलं तेव्हा दादाला कळलं असेल का, की ते मी भरलेलं होतं?”

डोंगराखालच्या एका गावात एक धाकटा भाऊ हा प्रश्न विचारत फिरायचा. लोक म्हणायचे, “जेवलास का रे?”

त्या गावाला एका अस्वलाचा त्रास होता. ते माणसांवर धावून येई. म्हणून गावानं तीन राखणदार नेमले आणि प्रत्येकाला एक बंदूक दिली. थोरला भाऊ त्यांतला एक. काडतुसंही तोच भरायचा. बार उडाला की पितळेची रिकामी पुंगळी उचलून आणायची, धुवायची, तिच्यात पुन्हा दारू आणि गोळी भरायची. एकदा हे काम त्यानं धाकट्याला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी अस्वल समोर आलं. पहिला बार हुकला. दुसरं काडतूस बंदुकीत अर्धंच गेलं. थोरला भाऊ परत आला नाही.

दहा दिवस झाले. अस्वल अजून डोंगरावरच होतं. थोरल्याची बंदूक त्याच्या बायकोनं घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं राखणदार निघणार होते, आणि काडतुसं होती ती धाकट्यानं भरलेलीच. साठ.

“बंदूकच जुनी झालीय,” म्हातारा राखणदार म्हणाला. “कानशीनं आतून जरा मोठी कर. मग कसलंही काडतूस जाईल.”

“आणि बार मागे फुटून माझ्या तोंडावर आला तर, काका?” वहिनीनं विचारलं.

“मग जोर लावून ढकलायचं. आम्ही काय इतकी वर्षं मंत्र म्हणून बार काढत होतो?”

धाकट्यानं लगेच एक काडतूस घेऊन जोरानं ढकललंसुद्धा. ते अर्ध्यावर अडलं. मग मात्र तो थांबला. बंदूक आतून पुसली, तरी जाईना. काडतुसातली गोळी थोडी खाली दाबली, तरी जाईना. शेवटी त्यानं बोटानं काडतुसाला काजळी फासली, नळी वाळूच्या ढिगाकडे केली, काडतूस हलकेच आत सारलं आणि बाहेर काढलं. बुडाजवळची काजळी गोल पुसली गेली होती. तिथे पितळ फुगलेलं होतं.

दोष बंदुकीवर ढकलला असता तर कोणाला कळलं नसतं.

“वहिनी, ही पुंगळी दादाच्या बंदुकीची नाही,” तो म्हणाला. “काकांच्या बंदुकीत उडालेली आहे.”

“म्हणजे?”

“बार उडाला की पुंगळी फुगते, त्या बंदुकीच्या मापाची होते. काकांची बंदूक आतून सैल आहे. दादा तिघांच्या पुंगळ्या वेगळ्या ठेवायचा. मी सगळ्या एकाच घंगाळात धुतल्या.”

“त्यांनी सांगितलं नव्हतं?”

“सांगितलं होतं. मला जत्रेतल्या कुस्त्या बघायच्या होत्या.”

वहिनीनं बंदूक त्याच्या मांडीवर ठेवली. “उरलेली बघ.”

त्यानं एकेक काडतूस तिन्ही बंदुकांत घालून पाहिलं. वहिनीच्या बंदुकीत अठराच सहज बसली.

“अठराच?” म्हातारा म्हणाला. “अस्वलाला निरोप धाडू, जरा बेतानं ये म्हणून.” कोणी हसलं नाही. तोही नाही.

सकाळी अस्वल वहिनीवरच धावून आलं. पहिली गोळी त्याच्या खांद्याला चाटून गेली. दुसरं काडतूस सरळ आत गेलं. त्या बारानं अस्वल पडलं, तिसऱ्याची गरजच लागली नाही. तिघंही घरी आले.

धाकट्यानं पुन्हा काडतुसं भरली नाहीत. पण ते काम सोडण्याआधी त्यानं गावातली पुंगळी न् पुंगळी मागवून घेतली आणि दाभणानं तिच्या बुडावर खूण कोरली. म्हाताऱ्याच्या बंदुकीची असेल तर एक रेघ, दुसऱ्या राखणदाराची असेल तर दोन, दादाची असेल तर तीन. या कामाला तीन दिवस लागले. राखणदारांसाठी त्यानं केलेलं ते शेवटचं काम.

गोष्टीचं तात्पर्य एवढंच: जे अडतं ते जोरानं ढकलू नये, कुठे घासतं ते बघावं, आणि चूक आपली निघाली तर दुसरा कोणी पुढे जाण्याआधी सांगून टाकावी.